उमरखेडच्या माळवदावर तीन रात्री

नांदेडाहून उमरखेडास जाणारी मोटार हदगाव मागे टाकून पैनगंगेच्या पुलावर आली म्हणजे आम्ही अद्यापि नकळत हात जोडतो. ही सवय आमच्या आजीची. तिच्या काळी पैनगंगा ही नुसती नदी नव्हती. ती सरहद्द होती. उत्तर तीरास वऱ्हाड, दक्षिण तीरास निजामाचे राज्य. आणि त्या राज्यास आमच्याकडील जुनी माणसे सरसकट 'मोगलाई' म्हणत. १९४८ साली ते राज्य लयास गेले, १९५६ साली दोन्ही तीर एकाच मुंबई राज्यात आले, व १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. तथापि आमच्या बालपणी घरातील कोणी कामानिमित्त हदगावास निघाला, तर आजी त्यास दारापर्यंत पोचवून 'मोगलाईत चाललास, दिवेलागणीपूर्वी परत ये' असे बजावल्यावाचून राहत नसे. नकाशावरील रेघ पुसली गेली, तरी मनातील रेघ पुसावयास आणखी एक पिढी जावी लागते, हा धडा आम्ही शाळेत शिकलो नाही. तो या पुलावर शिकलो.

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. शिवारात कापूस, ऊस आणि हळद; पूर्वेस पैनगंगा अभयारण्यातील सागाचे रान; आणि त्याच नदीवर, ती काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली उडी घेते तेथे, सहस्रकुंडाचा धबधबा. गावात चिन्मयमूर्तींचे संस्थान आहे, आणि जुन्या वस्तीत अजून काही घरे मातीच्या जाड भिंतींची व वर सपाट माळवदाची अशी उभी आहेत. या माळवदास आमचेकडे धाबे म्हणतात. उन्हाळ्यात सायंकाळी त्यावर पाणी शिंपडावे, सतरंज्या अंथराव्या, आणि तारे मोजीत निजावे, याहून मोठी चैन आमच्या कुळात कोणास ठाऊक नव्हती.

गेल्या वैशाखात आमचे तिकडे जाणे झाले ते आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी. त्यांस घरात लहानथोर सारे 'दादा' म्हणतात. एका वर्षात पौर्णिमा सरासरी १२.३७ येतात, त्यास ८१ ने गुणिले असता हजारास किंचित वर आकडा येतो. म्हणून एक्याऐंशी वर्षे पुरी करणाऱ्या मनुष्याने हजार पूर्णचंद्र पाहिले असे धरून हा विधी करितात. हा गुणाकार आम्ही जमलेल्या मुलांस सांगितला, तेव्हा अमेरिकेहून आलेला दादांचा सोळा वर्षांचा नातू म्हणाला, "पण आबा, पावसाळ्यातल्या पौर्णिमा ढगांत गेल्या असतील, त्या वजा नाही करायच्या?" दादा म्हणाले, "बाळ, ढगाआड चंद्र असतोच. धर्मशास्त्र ढगांचा हिशेब ठेवीत नाही." वाचकहो, प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही आपापल्या परीने बरोबर होते, आणि पुढील तीन रात्री आम्ही जो वाद ऐकला, त्याचे बीज या दोन वाक्यांतच होते.

आता थोडी मागील हकीकत सांगितली पाहिजे. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा हे रशियन यानातून अंतराळात गेले. ती वार्ता आम्ही आकाशवाणीवर ऐकली. पंतप्रधानांशी झालेले त्यांचे संभाषण मोठ्या शहरांतील लोकांनी प्रत्यक्ष पाहिले, ते आमच्या वाट्यास आले नाही. दादांस याची फार हळहळ वाटली. पुढील वर्षी कापसाचे पैसे हाती येताच त्यांनी एक श्वेतश्याम दूरदर्शन संच आणिला, आणि माळवदावर उंच बांबू उभा करून त्याच्या टोकास अँटेना बांधिली. वारा सुटला की बांबू हले, आणि खाली माजघरात चित्राच्या जागी मुंग्यांचे वारूळ दिसू लागे. मग कोणीतरी वर धावे, व 'आता दिसते का?' 'नाही!' 'आता?' 'थोडे डावीकडे!' असा संवाद साऱ्या आळीस ऐकू जाई.

त्या काळी रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' नावाची अमेरिकन मालिका लागत असे. 'रामायण' सुरू झाले १९८७ च्या जानेवारीत. त्यापूर्वी आमच्या घरची रविवारची पोथी हीच होती. भाषा इंग्रजी, घरात इंग्रजी येणारा त्यातल्या त्यात मी मास्तर, आणि माझे इंग्रजी मॅट्रिकच्या बेताचे. आम्ही एकीकडे पोहे खात, एकीकडे भाषांतर करीत असू. आणि जेथे समजत नसे तेथे प्रसंगावधान राखून काहीतरी सांगत असू. त्यातील टोकदार कानांच्या गंभीर अधिकाऱ्यास आमच्या मातोश्रींनी पाहताक्षणीच 'हा यक्ष' असे ठरवून टाकिले, आणि त्याचे नाव स्पॉक असे आहे हे आमच्या घरात फार उशिरा मान्य झाले. त्या पोह्यांच्या पंक्तीत अगदी पुढे, संचापासून हातभर अंतरावर, अकरा वर्षांची एक मुलगी बसत असे. ती दादांची धाकटी कन्या. भाषांतरातील आमची लबाडी तिला बहुधा कळत असावी. कारण ती मधूनच मागे वळून पाही, आणि काही न बोलता पुन्हा पुढे पाही.

तीच मुलगी आता पन्नाशी ओलांडलेली जिल्हा परिषदेच्या शाळेची शिक्षिका आहे. तिची कन्या भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली असून, दूर दक्षिणेस तिरुवनंतपुरम् येथे अंतराळविज्ञानाची जी संस्था २००७ साली निघाली, तेथे पुढील शिक्षणास जावे अशी तिची इच्छा आहे. दादांच्या मनात हे नव्हते. 'हजार कोसांवर, भाषा निराळी, अन्न निराळे' हा त्यांचा मुद्दा. विधीसाठी जमलेल्या मंडळीत हा विषय कोणी उघड काढीत नव्हते. पण घरात कोंडलेल्या धुराप्रमाणे तो सर्वत्र होता. तशात अमेरिकेच्या नातवाने एक लहानसे प्रक्षेपक यंत्र पेटीतून काढिले आणि विचारले, "आबांनी जुन्या काळी पाहिलेल्या अंतराळाच्या मालिका पुन्हा पाहायच्या का?" दादांचे धुतलेले धोतर दोन बांबूंस ताणून बांधिले, तोच पडदा झाला. आणि अशा रीतीने आमच्या माळवदावर तीन रात्री तीन प्रयोग झाले.

पहिल्या रात्री नातवाने आपल्या आवडीची मालिका दाखविली. तिचे नाव 'लॉस्ट इन स्पेस', म्हणजे अंतराळात वाट चुकलेले. ती अमेरिकेत सप्टेंबर १९६५ मध्ये सुरू झाली व १९६८ च्या मार्चमध्ये ८३ भागांनी संपली. 'स्टार ट्रेक' सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ रोजी; म्हणजे सुमारे दीड वर्ष या दोन मालिका दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांवर शेजारी-शेजारी चालू होत्या. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी हे आपली कल्पना घेऊन प्रथम ज्या वाहिनीकडे गेले, तिने सर्व ऐकून घेऊन, 'आमच्याजवळ अंतराळाची एक मालिका आहेच' असे सांगून त्यांस वाटेस लाविले. ती आधीची मालिका म्हणजे हीच. सवतीमत्सर हा केवळ आपल्याकडील कथांतच असतो असे नाही.

कथा अशी. १६ ऑक्टोबर १९९७ या दिवशी रॉबिन्सन नावाचे एक कुटुंब, आईबाप, तीन मुले व एक वैमानिक, मित्र या ताऱ्याकडे जाण्यास निघते. यानात एक घातकी डॉक्टर लपलेला असतो. त्याच्या कारस्थानाने वाट चुकते, आणि मग ही मंडळी एका अनोळखी ग्रहावर उतरून संसार थाटतात. भाजीपाला पिकवितात, मुलांस शिस्त लावितात, आणि घरी परतण्याची खटपट करितात. आमच्या वहिनींस ही मालिका मनापासून आवडली. "हे एकत्र कुटुंबच आहे," त्या म्हणाल्या. "आणि तो डॉक्टर म्हणजे प्रत्येक घरात एक असतोच. काम काही नाही, तक्रार मात्र फार; पण त्यास टाकता येत नाही." पुढे एका प्रसंगी कपडे धुऊन, घड्या घालून देणारे एक यंत्र दाखविले, आणि त्याच्याशी घरची आई. ती बाई कथेत जीवरसायनशास्त्राची पंडिता आहे. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ताऱ्यांपर्यंत गेली, पण बिचारीचे धुणे काही सुटले नाही." या एका वाक्यात त्यांनी जी टीका केली, तीहून मार्मिक टीका आम्हांस करिता आली नसती.

दुसरी रात्र दादांची. त्यांची निवड 'कॅप्टन व्योम'. ही हिंदी मालिका १९९८ साली दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक केतन मेहता, आणि नायकाच्या भूमिकेत मिलिंद सोमण. व्योम म्हणजे आकाश. नायकाचे नाव संस्कृत आहे, एवढ्यावरच आम्ही तीस पन्नास गुण देऊन बसलो. काळ इसवी सन २१२३. अंतराळातील तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार निसटतात आणि त्यांस हुडकून काढणे हे व्योमाचे कार्य. तत्पूर्वी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'स्पेस सिटी सिग्मा' ही देशी मालिका येऊन गेली होती व तीवर 'स्टार ट्रेक'ची छाप उघड दिसत असे. परंतु संगणकाने रचिलेली दृश्ये घेऊन थाटामाटाने उभी राहिली ती 'व्योम'च. आज ती दृश्ये मुलांस खेळण्यातली वाटतात. दादा मात्र हरखून पाहत होते. ते म्हणाले, "ही आपली कथा आहे. दैत्य माजले, देव संकटात पडले, एक वीर निघाला. विमान बदलले, इतकेच. आणि हे सारे आपल्या भाषेत, आपल्या माणसांनी केले. मास्तरास भाषांतर करावे लागले नाही." हा टोला आम्हांस होता, आणि तो आम्ही गोड मानून घेतला.

येथे दादांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. परक्याच्या स्वप्नात आपली जागा कोणती, हा प्रश्न पोरकट नाही. 'स्टार ट्रेक'च्या यानात आफ्रिकन वंशाची स्त्री होती, जपानी वंशाचा सुकाणूधर होता, आणि दुसऱ्या वर्षापासून, अमेरिका व रशिया यांत शीतयुद्ध चालू असता, एक रशियन तरुणही घेतला होता. हिंदुस्थानी मात्र त्या पथकात कोणी नव्हता. १९६७ सालच्या एका भागात खान नूनियन सिंग असे विलक्षण नाव धारण करणारा, उत्तर हिंदुस्थानचा म्हणून सांगितलेला एक पुरुष येतो. तो खलनायक, आणि त्याचे काम मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान या नटाने केले. तेव्हा दादांस 'व्योम' जवळचा वाटला, यात नवल ते काय?

तिसरी रात्र आमच्या पुतणीची. तिने 'स्टार ट्रेक' लाविली, आणि चाळीस वर्षांनी आम्ही ती मालिका भाषांतराच्या ओझ्यावाचून पाहिली. दोष प्रथम सांगतो. ग्रहांवरील खडक पुठ्ठ्याचे आहेत हे लपत नाही. जेथे जावे तेथील लोक इंग्रजी बोलतात. प्रत्येक अनोळखी भूमीवर नौकेचा कप्तान स्वतःच प्रथम उतरतो; आमच्या शाळेचे मुख्याध्यापक पटावरील प्रत्येक गैरहजर मुलाच्या घरी स्वतः जाऊ लागले असते, तर शाळा कोणी चालविली असती? माणसे अदृश्य होऊन खाली ग्रहावर प्रकट होतात, ती युक्तीसुद्धा विज्ञानातून निघालेली नसून काटकसरीतून निघाली आहे. दर आठवड्यास यान उतरताना दाखविणे खर्चाचे होते. तिन्ही मालिकांत निर्वात पोकळीत धडाके ऐकू येतात, आणि तिन्ही यानांत माणसे पृथ्वीवरल्याप्रमाणे जमिनीवर चालतात. या बाबतीत डावे-उजवे करावयास जागा नाही.

येथे आम्हांस जयंत नारळीकरांचे स्मरण झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप हे टोपणनाव घेऊन 'कृष्णविवर' ही कथा धाडली व बक्षीस मिळविले. आपल्या मोठेपणाचा लाभ कथेस मिळू नये, ती आपल्या पायावर उभी राहावी, ही त्यामागील भावना आम्हांस नेहमी वंदनीय वाटत आली आहे. २० मे २०२५ रोजी ते पुण्यास निवर्तले. विज्ञानकथेत कल्पनेने हवी तितकी भरारी घ्यावी, पण ज्ञात विज्ञानाशी द्रोह करू नये, ही शिस्त मराठी वाचकांच्या अंगी बाणविणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्या मापाने तिन्ही मालिका अनुत्तीर्ण ठरतील. तरी कथा नुसती विज्ञानाच्या मापाने मोजावयाची नसते. ती कोणता प्रश्न विचारते हेही पाहावे लागते.

आणि तो प्रश्न पुतणीनेच बोलून दाखविला. ती म्हणाली, "काका, मी वर्गात मुलांना गोष्ट सांगते, तेव्हा शेवटी विचारते की या गोष्टीत माणसं काय शोधत होती? रॉबिन्सन कुटुंब शोधतं ते घर. व्योम शोधतो ते चोर. स्टार ट्रेकमधली माणसं शोधतात ते माहीत नसलेलं. घर सापडलं की गोष्ट संपली. चोर सापडले की गोष्ट संपली. माहीत नसलेलं मात्र संपत नाही." आम्ही चाळीस वर्षे अध्यापन केले, परंतु इतक्या थोडक्यात तीन ग्रंथांचा भेद आम्हांस कधी सांगता आला नाही.

कालगतीने तिच्या म्हणण्यास दुजोराच दिला आहे असे दिसते. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या वर्षानंतरच बंद व्हावयाची होती; प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला आणखी एक वर्ष मिळवून दिले, आणि १९६९ साली ७९ भागांनी ती संपली. त्यानंतर पुनःप्रक्षेपणांतून तिची कीर्ती वाढत गेली, आणि तिच्या वंशात पुढे अनेक मालिका व चित्रपट जन्मास आले. १९७६ साली अमेरिकेने पहिले चाचणीचे अंतराळविमान बांधिले, त्यास प्रेक्षकांच्या आग्रहावरून या मालिकेतील नौकेचेच, म्हणजे 'एंटरप्राइज' हे नाव देण्यात आले; ते विमान अंतराळात मात्र कधीच गेले नाही. उहुरा या अधिकारी स्त्रीचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडून जाणार होत्या. त्यांस मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी आग्रह केला की, आमची मुले तुम्हांस पाहत आहेत, तुम्ही जाऊ नका. त्या राहिल्या. पुढे १९७७ पासून त्यांनी स्त्रियांस व कृष्णवर्णीयांस अंतराळवीर होण्यास पाचारण करण्याचे कार्य केले. आणि १९९२ साली अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रीने, मे जेमिसन यांनी, उहुरेस पाहून आपणांस स्फूर्ती मिळाल्याचे सांगितले. ही सारी हकीकत पुतणीने सांगितली. आम्हांस ती ठाऊक नव्हती.

रात्रीचे अकरा वाजण्याचा सुमार झाला होता. यंत्र बंद केले, धोतराचा पडदा उतरविला, मंडळी निजावयास गेली. आम्ही, पुतणी आणि तिची मुलगी असे तिघेच माळवदावर राहिलो. तिने दक्षिणेकडे, पैनगंगेच्या बाजूस, बोट दाखविले. क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर, धुरकट हवेतून, एक तेजस्वी तारा लुकलुकत होता. तोच मित्र, नरतुरंगातील पहिला तारा, रॉबिन्सन कुटुंबाचे न गाठलेले गाव. प्रकाशास तेथून येथे यावयास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर यान ज्या वेगाने चालले आहे, त्या वेगाने तितके अंतर कापावयास सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. आजीच्या 'मोगलाई'वर तो तारा अगदी टेकला होता. पैनगंगेपलीकडे दिवेलागणीपर्यंत जाऊन यावे, एवढी ज्या घराची सीमा, त्या घराच्या माळवदावरून एवढे दूरचे दिसत होते, आणि ते आम्ही साठ वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

"काका," नातीने विचारले, "आई म्हणते तुम्ही लहानपणी तिला ककुद्मी राजाची गोष्ट सांगायचात. काय होती?" गोष्ट भागवतातली. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारावयास तिच्यासह ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते. ते संपेपर्यंत तो क्षणभर थांबला. मग ब्रह्मदेव हसून म्हणाले, राजा, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली. तू मनात योजिलेले सारे वर, त्यांचे पुत्र, नातू, कोणी उरले नाहीत. अखेरीस रेवती बलरामास दिली. आम्ही ही कथा कालगतीचा चमत्कार म्हणून शेकडो मुलांस सांगितली आहे. नात ऐकून म्हणाली, "आणि रेवतीला तिथं काय दिसलं? ती पण गेली होती ना?"

वाचकहो, संस्कृताचा आमचा अभ्यास बालपणापासूनचा. तरी हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. आणि तो ऐकताच १९९२ सालची एक सायंकाळ आमच्यापुढे उभी राहिली. पुतणीस बारावीस उत्तम गुण मिळाले होते. नागपुरास अभियांत्रिकीस प्रवेश मिळत होता. तिच्या थोरल्या भावास त्याच शिक्षणास धाडताना घरात कोणी एक शब्द काढिला नव्हता. तिच्या वेळी मात्र माजघरात बैठक झाली. दादांचे मन दोलायमान होते. ते म्हणाले, "मास्तर, तू शिकलेला, तू सांग." आणि आम्ही सांगितले की, मुलगी दूर गेली म्हणजे घरास अंतरते; जवळपास राहून अध्यापनाचा अभ्यासक्रम करावा, ते मुलीच्या जातीस शोभते. पुतणी दाराशी उभी होती. तिने मागे वळून पाहावे तसे आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आत गेली. पुढे पाच वर्षांनी, ज्या १९९७ सालच्या ऑक्टोबरात रॉबिन्सन कुटुंब निघावयाचे होते, त्याच्या पुढच्याच महिन्यात कर्नालची कल्पना चावला खरोखर अंतराळात गेली. ती बातमी आम्ही शाळेच्या फळ्यावर लिहिली, मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या, आणि घरी आल्यावर पुतणीपाशी तो विषय काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

ते आम्ही त्या रात्री बोललो. "बाळ, त्या दिवशी आमचे चुकले," एवढेच.

ती पुष्कळ वेळ ताऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चुकलं खरं, काका." तिने 'असू द्या' म्हटले नाही, आणि त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत; क्षमा सवंग झाली म्हणजे चुकीचे वजन कळत नाही. थोड्या वेळाने ती पुढे म्हणाली, "माझं वाईट झालं नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान उतरलं, तेव्हा संध्याकाळी माझ्या शाळेत सगळं गाव जमलं होतं. एक पारधी मुलगी माझा हात धरून उभी होती. यान उतरलं तेव्हा तिनं इतका घट्ट दाबला, की बोटं दुखली. ते मला नागपुरात मिळालं नसतं. पण ते मी निवडलं नव्हतं. उद्या हिच्याबद्दल विचारतील, तेव्हा तुम्ही गप्प बसू नका."

दुसरे दिवशी विधी झाला. होम, अभिषेक, औक्षण. चांदीच्या पत्र्यावरील चंद्राची पूजा. भोजनोत्तर विडा घेताना दादांनी स्वतःच विषय काढिला, आणि चौतीस वर्षांपूर्वीचेच शब्द उच्चारिले: "मास्तर, तू शिकलेला, तू सांग." आम्ही उभे राहिलो. एवढ्याशा घरगुती बैठकीत उभे राहण्याचे कारण नव्हते. परंतु मुलास चूक कबूल करावयास आम्ही नेहमी उभे करीत आलो आहोत. आम्ही सांगितले की, मागील खेपेस आम्ही जो सल्ला दिला तो विद्येचा नव्हता, भयाचा होता; विद्येचे नाव घेऊन तो दिला, हा त्याहून मोठा दोष. मुलगा गेला तेव्हा घर अंतरले नाही. आज तो सातासमुद्रांपलीकडून पुत्रासह येथे बसला आहे. मग मुलीच्याच पायांत पैनगंगा का बांधावी? घराचा रस्ता ज्यास पाठ आहे, त्यानेच दूर जावे. ही मुलगी जाणार असेल तर तिच्या पहिल्या वर्षाच्या खर्चात आमच्या निवृत्तिवेतनाचा वाटा राहील.

कोणी काही बोलले नाही. वहिनी पदराने चष्मा पुसू लागल्या. दादांनी विडा सावकाश चावून संपविला. मग नातवाकडे वळून म्हणाले, "ते तुझे यंत्र पाहा बरे, नांदेडाहून तिकडे आगगाडी कशी जाते ते त्यात दिसते का?" बस्स; निर्णय झाला. आमच्या घरात मोठे निर्णय नेहमी असेच, वेळापत्रकाच्या रूपाने, प्रकट होत आले आहेत.

परत निघताना पुतणी मोटारीपर्यंत पोचवावयास आली. या तीन मालिकांत श्रेष्ठ कोणती, असे आम्हांस कोणी विचारील, तर आम्ही आता एवढेच म्हणू की तिन्ही घरात असाव्या. रक्षणासाठी शस्त्र उचलणारा व्योम असावा, कारण जगात दुष्टावा आहे. परतीची ओढ असलेले रॉबिन्सन कुटुंब असावे, कारण ओढीवाचून प्रवास म्हणजे नुसती भटकंती. परंतु कौल द्यावयाची वेळ येईल तेव्हा तो अज्ञाताकडे तोंड करून निघालेल्यांस द्यावा. २०२५ साली शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाऊन आले. ज्या पथकात आपला कोणी नाही म्हणून दादा कष्टी होते, तेथे आता आपली माणसे जाऊ लागली आहेत. ती कोणाच्या तरी माळवदावरूनच जातात. त्या माळवदावर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी त्यांस काय सांगितले, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

मोटार पैनगंगेच्या पुलावर आली. वैशाखाचे पाणी ते. पात्रात वाळूच अधिक. आम्ही सवयीने हात जोडले, आणि मग लक्षात आले की नात लवकरच याच पुलावरून जाईल. तिने हात जोडावे, अथवा न जोडावे. दिवेलागणीपूर्वी परत येण्याचे मात्र तिला कोणी बजावणार नाही.